डायबेटिस आणि देव: तुमच्या घरचे अनुभव लिहा

सांजवात
काल फोनवर वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं भजन लागलं आणि बाबा आठवले. डायबेटिस निघाला तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पखवाज कोपऱ्यात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे भजनी सोबती दारात उभे, "गाडी थांबलीय, चल." चोवीस तासांच्या भजनात यांची पाळी पहाटे तीनची. परत आले ते जेवायला बसले, बोलायला लागले. पुढे इन्सुलिन टोचताना 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचे. साखर त्याने उतरत नव्हती, पण हाताची थरथर थांबायची. तुमच्याकडे?

उकडीपेज
आईची आषाढी एकादशी! गोळी घेतली आणि वर काहीच खाल्लं नाही. दुपारी घामाने डबडबली, मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी ८४. ती रडतेय उपास मोडला म्हणून. भटजींनीच समजावलं, औषधाने उपास मोडत नाही. आता उपासाआधी डॉक्टरांना विचारते.

मांडवीकाठी
चवथीला हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांत माडाचं गूळ चालतं ना? आमच्याकडे सगळे चालतं म्हणतात

सांजवात
नाही हो, गूळ म्हणजेही साखरच. आम्ही भात कमी करून एकच खातो.

रानमोगरा
मला टाइप वन, अकराव्या वर्षापासून. आजीने मंगेशाला आंगवण, म्हणजे नवस, केली होती, पोर बरी होऊ दे. हा आजार जात नाही हे तिला सांगायचं कोणी? शेवटी मीच सांगितलं. १९२२ च्या आधी इन्सुलिन नव्हतं, माझ्यासारखी मुलं वाचत नसत, हेही सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मगीर बरी राव, आंगवण तितलीच." म्हणजे, मग बरी राहा, नवस तेवढाच. आजी नाही आता. मी दर वर्षी मंगेशीला जाऊन येते.

उकडीपेज
रानमोगरा, डोळ्यांत पाणी आलं गं.

पाणंद
ह्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. फोड आला होता, कळलाच नाही, पायाला संवेदना नव्हती. खूप दिवस देवाकडे बघवेना. आता तिन्हीसांजेला दिवा लावला की त्याच उजेडात त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. ते तेवढा वेळ रामरक्षा म्हणतात. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

मांडवीकाठी
ताई, सांभाळा. हळदीची पानं मडगावात कोणाकडे मिळतील?

रानमोगरा
माझ्या परसात आहेत, या घेऊन जा.

मांडवीकाठी
देव बरें करूं. रविवारी येते.