‘गुप्तहेर’ की ‘हेर’? आणि मालिकेचा चित्रपट झाला की त्याला म्हणायचं काय?

प्रतिमुद्रा
‘गेट स्मार्ट’च्या मराठी उपशीर्षकांसोबत छोटं टिपण द्यायचंय. अमेरिकी टीव्ही मालिका १९६५ ते १९७०, मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांची. चित्रपट २००८चा, दिग्दर्शक पीटर सीगल. ‘गाजलेल्या विनोदी गुप्तहेर मालिकेचं चित्रपट-रूपांतर’ या वाक्यातल्या दोन शब्दांवर संपादकांची फुली आहे. ‘रूपांतर’ऐवजी ‘माध्यमांतर’ हवं आणि ‘गुप्तहेर’ऐवजी ‘हेर’. मंडळींचं काय मत?

कोशकिडा
दुसऱ्या फुलीला अनुमोदन. हेर मुळातच गुप्त असतो, उघड हेर पकडला तरी जातो किंवा पेन्शनीत तरी निघतो. ‘गुप्तहेर’ म्हणजे पिवळं पीतांबर. संस्कृतात ‘हेरिक’ आहे, मराठीत ‘हेरणे’ आहे. त्यातून रहस्यकथांनी ‘गुप्तहेर’ हा शब्द खुनाचा छडा लावणाऱ्या खाजगी माणसाला देऊन टाकला. होम्स गुप्तहेर आणि परराष्ट्राची कागदपत्रं पळवणाराही गुप्तहेर, मग वाचकाला कळायचं कसं?

आडकित्ता
शंभरातल्या नव्वद जणांना ‘गुप्तहेर’ म्हटल्यावर बरोबर तेच कळतं जे कळायला हवं. पिवळं तर पिवळं, पीतांबर रूढ झालाय.

सोवळेकर
कौटिल्याने ‘गूढपुरुष’ दिला आहे. कापटिक, तीक्ष्ण, रसद असे त्याचे प्रकारही पाडले आहेत. एवढा तयार संच असताना आपण कुठे धडपडतोय!

आडकित्ता
सोवळेकर, मालिकेतला हेर मॅक्सवेल स्मार्ट बूट काढतो आणि त्यातूनच फोन लावतो. त्याला गूढपुरुष म्हणायचं?

प्रतिमुद्रा
उपशीर्षकात जागेचाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी दोनच ओळी, ओळीला ४२ चिन्हं, पडद्यावर जास्तीत जास्त ७ सेकंद. आणि मोजणारं सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरत असेल तर ‘हेर’ ३ चिन्हांत बसतो, ‘गुप्तहेर’ला ८ लागतात. जोडाक्षर आलं की न दिसणारा हलन्तसुद्धा जागा खातो. म्हणून संवादात ‘हेर’च ठेवलाय, स्मार्टची जोडीदार ‘एजंट ९९’ आकड्यातच. पण टिपणाला ही अडचण नाही.

नांदी
‘रूपांतर’ला मराठीत वळण नाटकानं लावलं. ‘हॅम्लेट’चं आगरकरांनी ‘विकारविलसित’ केलं, ‘ऑथेल्लो’चं देवलांनी ‘झुंझारराव’, ‘पिग्मॅलियन’चं पुलंनी ‘ती फुलराणी’. या सगळ्यांत नावं, गावं, रीतभात बदलली. रंगमंच तोच राहिला. इथे बरोबर उलटं आहे. मॅक्सवेल स्मार्ट मॅक्सवेल स्मार्टच राहतो, कचेरी वॉशिंग्टनमध्येच, बदलतं ते माध्यम. तर्कानं ‘माध्यमांतर’ बरोबर.

पण या शब्दात नेमकं काय केलं ते येत नाही. याच मालिकेवर आधी १९८०मध्ये ‘द न्यूड बॉम्ब’ आला होता. नायक तोच, डॉन ॲडम्स. पण ९९ नाही, प्रमुखाच्या भूमिकेत दुसरा नट, आणि स्मार्टची संस्थासुद्धा वेगळी. तेही माध्यमांतरच. २००८मध्ये स्टीव्ह कॅरेलला घेऊन गोष्ट पहिल्यापासून मांडली. मालिकेतला स्मार्ट पहिल्या भागापासून मुरलेला एजंट आहे. चित्रपटातला कागदपत्रं चाळणारा विश्लेषक आहे, त्याला बढती हवी आहे. हा बदल लेखकांनी हौसेखातर केलेला नाही. पंचविसेक मिनिटांच्या भागात माणूस शेवटी होता तसाच राहिला तरी चालतं, कारण पुढच्या आठवड्यात तो तसाच हवा असतो. ११० मिनिटं प्रेक्षक बसवायचा तर त्याला कुठून तरी कुठे तरी पोचवावं लागतं.

दुसरी अडचण हशाची. मालिकेला ध्वनिमुद्रित हशा होता, त्यामुळे विनोदानंतर श्वासभर जागा सोडलेली असते. चित्रपटात हशा काढला आणि जागा तशीच ठेवली तर विनोद पडतो. जागा बुजवली तर भरल्या थिएटरात लोक हसत असताना पुढचं वाक्य वाहून जातं. यासाठी बहुधा हशा येईल तिथं पुढे महत्त्वाचं वाक्य न ठेवता एखादी हालचाल ठेवतात. या कारागिरीला तुमच्या ‘अंतरा’त जागा आहे का?

आडकित्ता
एवढं सगळं ‘रीमेक’मध्ये येतं.

नांदी
रीमेक चित्रपटावरून चित्रपटाचा. इथे लागू नाही.

प्रतिमुद्रा
तोवर दुसरं विचारते. ‘कोन ऑफ सायलेन्स’ला काय? मालिकेत वरून उतरणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन घुमट, मध्ये नळी. स्मार्टचा हट्ट की गुप्त बोलणं त्याखालीच. प्रमुखाला ते यंत्र डोळ्यांसमोर नको असतं. कारण आतल्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही आणि बाहेरच्यांना सगळं येतं. २००८मध्ये तो डिजिटल झाला, काम त्याच बेतानं करतो. ‘मौनशंकू’ लिहिलं तर चित्रात शंकू कुठेच दिसत नाही.

कोशकिडा
खलबतघुमट! किल्ल्यांवर खलबतखाना असतोच.

आडकित्ता
वा. खलबत्त्यात कुटतात तशी योजना कुटायची, म्हणून खलबतं.

कोशकिडा
अजिबात नाही. ‘खलबत’ अरबी-फारसी ‘खल्वत’वरून, अर्थ एकांत. ‘खलबत्ता’ म्हणजे खल अधिक बत्ता. ध्वनी जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

सोवळेकर
म्हणजे पुन्हा यावनी! शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला? ‘मंत्रणाघुमट’ म्हणा.

आडकित्ता
छत्रपतींच्या गडावरच्या खोलीला आजही लोक खलबतखानाच म्हणतात. आणि मंत्रणा सरकारी बैठकीत होते, खलबतं कोपऱ्यात होतात.

प्रतिमुद्रा
‘खलबतघुमट’ टिपून घेतला. संस्थांच्या नावांचं बघा. स्मार्टची ‘कंट्रोल’ आणि शत्रूची ‘केऑस’ इंग्रजीत मोठ्या लिपीत असतात, त्यामुळे आद्याक्षरं वाटतात. प्रत्यक्षात कशाचीच नाहीत. देवनागरीत मोठी लिपी नाही, ती गंमत गेली. वर ‘कंट्रोलनं पाठवलंय’ वाचलं की रेशनचे तांदूळ आठवतात.

नांदी
विशेषनामाला हात लावू नये. अवतरणचिन्ह द्या आणि पुढे चला.

सोवळेकर
एकदा तरी माझं ऐका. ‘आवर’ विरुद्ध ‘कहर’. अर्थ जुळतो, कानाला यमकासारखं लागतं, आणि ‘केऑस’चा क तसाच राहतो. शिवाय दोन्ही अस्सल देशी.

कोशकिडा
‘कहर’ अरबी ‘क़ह्र’ आहे, सोवळेकर.

सोवळेकर
मराठीत मुरलेला शब्द आता परका?

आडकित्ता
हेच आम्ही मघापासून ‘खलबत’बद्दल सांगत होतो.

नांदी
जोडी छान आहे, मान्य. पण आधी विभक्ती लावून दाखवा : ‘आवरचा प्रमुख’ की ‘आवराचा प्रमुख’? संस्थेचं नाव म्हणून सामान्यरूप टाळलं तर ‘आवरनं हेर पाठवला’ होतं, आणि ऐकणारा ‘काय आवरलं?’ विचारतो.

कोशकिडा
‘कहर’चं तर दोन्हीकडून अवघड. ‘कहराचा माणूस’ म्हटलं की ते नावच राहत नाही, विशेषण होतं.