टेक्सासला इंजिनिअरिंगला आलो आणि बोकांडी अमेरिकन इलेक्शन! हा विषय सक्तीचा का?

उसाचा_रस: मंडळी, ऑगस्टमधे बॅचलरला आलोय, मेकॅनिकल, फर्स्ट इयर. टेक्सासमधे सरकारी युनिव्हर्सिटीत काहीही शिका, गव्हर्नमेंट या विषयाचे ६ क्रेडिट घ्यावेच लागतात, राज्याचा कायदाच आहे, व्हिसावाल्यांनाही सुटका नाही. म्हणजे जिथे मी मत देऊ शकत नाही (दिलं तर हाकलून देतील) तिथल्या मतदानावर परीक्षा, वर डॉलरमधे फी. आणि शिकायचं काय, तर राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याराज्यांचे ५३८ प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर, त्यातले २७० गाठले की जिंकला, देशभरात कोणाला जास्त मतं पडली त्याला शून्य किंमत. २०१६ला हिलरीला २८ लाखांहून जास्त मतं अधिक, पण राष्ट्राध्यक्ष कोण तर ट्रम्प! ऑप्शनल करा राव.

डॅलसकर_काका: अजिबात नको ऑप्शनल. २०२५ला नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर लावायची सही कोणी केली? तो माणूस निवडून कसा येतो हे माहीत नको? तुझ्या बॅचमधले निम्मे उद्या त्याच रांगेत असणार.

निवडुंग: काका, त्यासाठी पेपर वाचला तरी पुरे, ६ क्रेडिट कशाला. बाकी पद्धत अन्यायाचीच. वायोमिंगला पावणेसहा लाख लोकांमागे ३ इलेक्टर, कॅलिफोर्नियाला जवळपास चार कोटींमागे ५४. म्हणजे वायोमिंगवाल्याचं वजन जवळजवळ चौपट, कारण लोकसंख्या कितीही असो, सिनेटच्या दोन जागांचे दोन इलेक्टर प्रत्येक राज्याला मिळतातच.

मालवणी_तडका: आपल्याकडे काय वेगळं आहे ओ? २०१८ला कर्नाटकात मतांची टक्केवारी काँग्रेसची जास्त, जागा भाजपच्या १०४ आणि काँग्रेसच्या ८०. मध्यप्रदेशात त्याच वर्षी बरोब्बर उलटं. जागा मोजायच्या म्हटलं की हे होणारच, अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

उसाचा_रस: पण आपल्याकडे निदान लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोग एकच आहे ना. इथे त्यांचं फेडरल इलेक्शन कमिशन फक्त प्रचाराच्या पैशांचं बघतं, मतदान घ्यायचं काम राज्यांचं आणि त्यांच्या खाली काउंटींचं (आपल्या जिल्ह्यांसारखं). एकट्या टेक्सासमधे २५४ काउंटी! २०००ला फ्लोरिडात पाम बीच काउंटीने असली विचित्र मतपत्रिका छापली की लोकांनी भलत्याच नावासमोर भोक पाडलं, आणि अख्ख्या देशाचा निकाल ५३७ मतांवर लागला. आपल्याकडे असं झालं असतं तर मोर्चे निघाले असते.

डॅलसकर_काका: अरे विखुरलेलं आहे तेच बरंय. २०२०च्या निवडणुकीनंतर, जानेवारी २०२१ला जॉर्जियात ट्रम्पनी फोन करून ११,७८० मतं शोधा म्हणून सांगितलं, तिथला सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका बघणारा) रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पार्टीचा, तरी नाही म्हणाला. सगळा कारभार दिल्लीसारखा एका ऑफिसातून चालला असता तर एका फोनवर काम झालं असतं.

निवडुंग: आणि २०००ला फ्लोरिडाचा निकाल बुशच्या बाजूने प्रमाणित करणाऱ्या तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस? त्याच बुशच्या तिथल्या प्रचाराच्या सह-अध्यक्ष होत्या. एक सरळ निघाला म्हणून सिस्टिम चांगली होत नाही काका, उद्या त्या खुर्चीत दुसरी हॅरिस बसली तर? उमेदवाराचा प्रचारही करायचा आणि निकालावर सहीही करायची, हे आपल्या एखाद्या कलेक्टरने केलं असतं तर त्याच दिवशी बदली झाली असती.

मालवणी_तडका: हाहा, हे मान्य. उसाच्या रसा, मेन आणि नेब्रास्का बघ, तिथे डिस्ट्रिक्टप्रमाणे (म्हणजे मतदारसंघाप्रमाणे) इलेक्टर वाटतात, बाकी सगळीकडे जिंकणाऱ्याला अख्खं राज्य. आणि मेकॅनिकलवाल्या, टेक्सासचं रेलरोड कमिशन निवडून येतं ते बघून ठेव, रेल्वेशी काडीचा संबंध नाही, तेल आणि गॅस बघतात. नोकरी तिकडेच लागेल.

उसाचा_रस: हे रेलरोड कमिशन आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय, आणि कामाचं तेवढंच. कॅथरीन हॅरिसचा मुद्दा शुक्रवारच्या निबंधात ढापतोय, निवडुंग धन्यवाद. पण ऑप्शनलच पाहिजे, त्यावर मी ठाम आहे.

डॅलसकर_काका: निबंध लिही आधी, मग ठाम राहा.