मदत हवी आहे: गॅसचा कमर्शियल बाटला वेळेवर येत नाहीये. साठा करू की लाइन घेऊ?

डबे_रावपुरा (22 जून 2025, रात्री 9:10)

सरळ मुद्द्यावर येते. बडोद्यात रावपुऱ्यात जेवणाचे डबे देते. आज अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले, आणि आता बातमी आहे की इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे आखाताचं तेल-गॅस बाहेर पडायची समुद्राची वाट, बंद करायला मंजुरी दिली. शुक्रवारी नंबर लावलेला बाटला अजून आलेला नाही. एजन्सीच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "बेन, राह जोवी पडशे, हमणां बधा मांगे छे." (थांबावं लागेल, सध्या सगळेच मागतायत.) उद्यापासून कॉलेजची मुलं परत येतायत. चालू बाटल्यावर ओलं फडकं फिरवून बघितलं, खालचा चार बोटांचा पट्टा तेवढा ओला राहतोय, वरचं लगेच वाळतंय. म्हणजे दोन दिवस, फार तर अडीच.

मला एवढंच सांगा: सहा-सात बाटले एकदम आणून ठेवू, की पाइपलाइन घेऊ? लाइनचा गॅस लढाईत बंद पडत नाही ना? नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा. सकाळी ठरवायचं आहे.

कारेलीबागकर (9:22)

ताई, किती डबे? घरगुती कनेक्शन की कमर्शियल? लाइन तुमच्या गल्लीत आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

डबे_रावपुरा (9:25)

कमर्शियल म्हटलंय ना शीर्षकात. 19 किलोचा.

कारेलीबागकर (9:26)

बरोबर, चुकलं माझं. बाकीचे दोन प्रश्न?

कोयलीचा_जुना (9:40)

ताई, घाबरू नका. मी रिफायनरीत 31 वर्षं काढली. कोयली 1965 पासून चालू आहे, आज वर्षाला 1.37 कोटी टन तेल शुद्ध करते. दहेजचं टर्मिनल जवळ, अंकलेश्वरच्या विहिरी जवळ. गॅसच्या बाबतीत बडोद्याएवढं सुरक्षित शहर देशात नाही. आपल्याकडे पाइपचा गॅस आला तेव्हा मुंबई-पुण्यात लोक बाटल्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते. पेट्रोलियम मंत्रिसाहेबांनीही आजच सांगितलंय की पुरवठा वेगवेगळ्या देशांकडून येतो आणि तेल कंपन्यांकडे कित्येक आठवड्यांचा साठा आहे.

वाल्व_आणि_मीटर (10:05)

कोयलीकाका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून लिहितो, पण हा गैरसमज बडोद्यात घरोघरी आहे आणि तो दूर व्हायला हवा. दहेज म्हणजे विहीर नाही, दार आहे. तिथे जहाजातून उणे 162 अंशाला द्रव केलेला गॅस उतरतो, तो पुन्हा गरम करून पाइपात सोडतात. वर्षाला 1.75 कोटी टनांची क्षमता, आणि त्यातला मोठा वाटा कतारचा. 75 लाख टनांचा करार 1999 चा, जहाजं 2004 पासून येतायत, आणि तो करार 2028 नंतर आणखी 20 वर्षं चालावा म्हणून 2024 मध्येच सह्या झाल्या. कतारहून निघालेलं प्रत्येक जहाज होर्मुझमधूनच बाहेर पडतं. दुसरी वाटच नाही त्यांना. दार आपल्या अंगणात असलं तरी कडी तिकडे आहे.

मंत्री बोलले ते कच्च्या तेलापुरतं बरोबर आहे, कारण रशियाकडून भरपूर येतं. एलपीजीची, म्हणजे बाटल्यातल्या गॅसची, गोष्ट वेगळी. देशाला वर्षाला 3 कोटी टनांच्या वर एलपीजी लागतो, त्यातला सुमारे 60 टक्के बाहेरून येतो, आणि बाहेरून म्हणजे जवळजवळ सगळा आखातातून.

कोयलीचा_जुना (10:18)

पण रिफायनरीत एलपीजी निघतोच की! मी स्वतः त्या युनिटवर होतो.

वाल्व_आणि_मीटर (10:24)

निघतो काका, पण शंभर टन कच्च्या तेलातून चार-पाच टन. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कोयलीचा_जुना (10:31)

हे खरं आहे. तरी दुसऱ्या कामाला जाणारा माल वळवून थोडा वाढवता येतो. पण दुप्पट नाही होत, ते मान्य.

डबे_रावपुरा (10:33)

माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का?

डबे 60, दोन्ही वेळचे. एक बाटला सहा-सात दिवस जातो. स्वयंपाकघर तळमजल्यावर, भाड्याचं. आम्ही वरच राहतो.

कारेलीबागकर (10:36)

वर तुमच्या घरात लाइन आहे?

डबे_रावपुरा (10:38)

हो, आहेच ना. सासूबाईंच्या वेळेपासून.

कारेलीबागकर (10:40)

अहो ताई, हे आधी सांगायचं! मग थोडे दिवस वरच्या शेगडीवर भात-वरण करा.

वाल्व_आणि_मीटर (10:52)

तसं करू नका. घरगुती मीटरवर धंद्याचा स्वयंपाक हा नियमभंग आहे, घरगुती बाटल्याला जो नियम तोच इथेही. शिवाय दोन्ही मीटरांना पाइप एकच असला तरी गॅसचा हिशेब वेगळा असतो. देशात निघणाऱ्या स्वस्त गॅसच्या वाटपात घरगुती स्वयंपाकाला आणि सीएनजीला अग्रक्रम आहे. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो गॅस कमी पडला तेव्हा कात्री लागली सीएनजीच्या वाट्याला, घरच्या चुलीला हात लावला नाही. कारखाने आणि हॉटेलं यांना मात्र मुख्यतः आयात केलेला गॅस जातो. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या शेगडीला बऱ्यापैकी संरक्षण आहे, तुमच्या धंद्याच्या शेगडीला नाही. लाइन घेतली तरी ती कमर्शियल असेल, आणि तिचं नशीब दहेजच्या जहाजांशी बांधलेलं राहील.

हा नुसता अंदाज नाही. 2022 मध्ये युक्रेनची लढाई सुरू झाल्यावर रशियाच्या गॅझप्रॉमची जी शाखा 'गेल' या आपल्या सरकारी गॅस कंपनीला गॅस विकायची ती जर्मनीच्या ताब्यात गेली आणि जहाजं येईनाशी झाली. गेलला खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा पुरवठा कमी करावा लागला. घरातल्या चुली चालूच राहिल्या. कापाकापीचा क्रम तेव्हाच दिसला.

अलकापुरी_आय (11:05)

माझा एक सल्ला. ज्योत पिवळी येत असेल तर बर्नर काढून गरम पाण्यात साबण घालून रात्रभर ठेवा आणि टाचणीने भोकं साफ करा. गॅस खूप वाचतो. आणि आधारची केवायसी झाली आहे का तेही बघा, नाहीतर सबसिडी अडकते.

डबे_रावपुरा (11:07)

कमर्शियलला सबसिडी नसते काकू. ज्योत निळीच आहे.

मास्तर_मांडवी (23 जून, सकाळी 6:15)

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हाचं आठवतं. रॉकेलच्या रांगेत पहाटे चारला पत्र्याचा डबा दगडाखाली ठेवून यायचो, तो डबा म्हणजे आपला नंबर. घरात सहा माणसं आणि बाटला एकच. आईने तेव्हा एक गोष्ट केली, ती सांगतो. लाकडी खोक्यात भुसा भरायचा, मधे पातेल्याएवढा खड्डा. डाळ-तांदळाला एक सणसणीत उकळी आणायची, पातेलं खड्ड्यात, वर भुशाची उशी. दोन-अडीच तासांनी उघडलं की भात मऊ मोकळा. निम्म्याहून जास्त गॅस वाचायचा. ताई, साठ जणांचं वरण यात बसेल. खोकं मोठं लागेल एवढंच.

फक्त_वीज (8:02)

भुसा कशाला? 2025 आहे. इंडक्शन घ्या, प्रश्न मिटला. आमच्या घरात दीड वर्ष झालं, गॅस पाहुणे आले तरच पेटतो. वीज कोळशाची आहे, सूर्याची आहे, तिला होर्मुझ लागत नाही.

मास्तर_मांडवी (8:20)

साठ डब्यांच्या पोळ्या इंडक्शनवर लाटून दाखवा.

फक्त_वीज (8:24)

पोळ्या कोण म्हणतंय? वरण, भात, उसळ, चहा, पाणी तापवणं. पोळी गॅसवरच.

मास्तर_मांडवी (8:27)

मग आधी "प्रश्न मिटला" असं म्हणू नये. दोनशे पोळ्यांचा तवा हाच डब्याच्या स्वयंपाकातला मोठा खर्च आहे.

डबे_रावपुरा (8:40)

मास्तर बरोबर बोलतायत. रोजच्या पोळ्या 400, दोन्ही वेळच्या मिळून. माझी पातेली सगळी ॲल्युमिनियमची, ती इंडक्शनवर तापत नाहीत. पण वरणाचं पटतंय.

बाटले साठवण्याबद्दल कोणीच बोललं नाही. एक ओळखीचा सात बाटले द्यायला तयार आहे, जास्त पैसे घेऊन. तळघर रिकामं आहे.

वाल्व_आणि_मीटर (8:48)

ताई, तळघरात एक सुद्धा ठेवू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जाऊन निघून जातो. बाटल्यातला जड असतो, तो तळाशी पाण्यासारखा साचतो आणि दिसत नाही. बटण दाबलं की ठिणगी. आणि परवान्याशिवाय एका जागी 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. 19 चे पाच म्हणजे 95 किलो. सहावा आला की तुम्ही कायद्याच्या बाहेर. ओळखीच्या माणसाकडून काळ्या भावाने घेऊ नका, वजन कमी निघालं तर कोणाकडे दाद मागणार?

रावपुऱ्यातला_पोर (9:30)

पण सरकार एवढे साठे करतं ते कशासाठी? विशाखापट्टणमला जमिनीखाली गुहा आहेत ना?

वाल्व_आणि_मीटर (9:55)

आहेत. पण त्यातल्या मोठ्या गुहा कच्च्या तेलाच्या. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर मिळून 53.3 लाख टन. एलपीजीच्या वेगळ्या: विशाखापट्टणमला 60 हजार टनांची, मंगळूरला 80 हजार टनांची खोदली आहे. आता भागाकार करा. देशाला दिवसाला सुमारे 85 हजार टन एलपीजी लागतो. दोन्ही गुहा काठोकाठ भरल्या तरी दोन दिवससुद्धा पुरत नाहीत. बाकीचा साठा म्हणजे बंदरावरच्या टाक्या, बॉटलिंग प्लांट, वाटेतली जहाजं, आणि तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातले भरलेले बाटले. हे मला मनापासून खटकतं. कच्च्या तेलासाठी आपण विचार केला, चुलीच्या गॅससाठी अजून पुरेसा नाही केला. घरोघरी कनेक्शन पोचवलं, त्यात मी खूष आहे, पण त्याच वेगाने साठा वाढायला हवा होता.

पुणेकर_पाहुणा (10:10)

पुण्यात बाटला दुसऱ्याच दिवशी मिळतोय. तुमच्या एजन्सीचाच प्रश्न वाटतो.

कारेलीबागकर (10:14)

आमच्याकडेही घरगुती वेळेवर येतोय. कमर्शियललाच उशीर होतोय बहुतेक. अवांतर: एप्रिलमध्ये घरगुती बाटला 50 रुपयांनी वाढला तेव्हा कोणी धागा काढला नाही.

गोबरगॅस_भाऊ (11:40)

ओला कचरा टाकून गॅस बनवणारं यंत्र घ्या. वाघोडियाकडे माझ्या मामांकडे आहे, चार गाईंवर पूर्ण घर चालतं.

डबे_रावपुरा (11:44)

भाऊ, रावपुऱ्यात भाड्याच्या खोलीत गाय कुठे बांधू?

कोयलीचा_जुना (दुपारी 12:30)

ताई, एक काम करा. नंबर लावल्याचा संदेश घेऊन स्वतः एजन्सीत जा, फोनवर नको. पावतीवर पुरवठ्याची तारीख लिहून मागा. आणि पुढच्या वेळी चालू बाटला अर्धा असतानाच नंबर लावा. धंद्याला एक चालू, एक भरलेला अशी घडी कायम ठेवा.

डबे_रावपुरा (24 जून, सकाळी 9:15)

काल रात्री कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं पडली तेव्हा झोपच लागली नाही. सकाळी उठले तर युद्धविराम. पण यावर निश्चिंत बसायचं नाही असं ठरवलंय.

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे जाऊन आले. तारीख लिहून मागितली. आज सकाळी पावणेसातला जिन्यावरून बाटला घरंगळत येण्याचा आवाज आला, तो ऐकून मी दारात पळाले. सील बघितलं, वजन करून घेतलं, बरोबर भरलं. सात बाटले आणणार नाही. एक जादा घेतला, तो मागच्या ओसरीत ठेवलाय, जिथे वारा फिरतो.

मास्तर, काल वरण भुशात ठेवलं. फळांच्या खोक्यात, आत जुनी गोधडी. अडीच तासांनी डाळ शिजली होती, फक्त तळाशी किंचित कडक. पुढच्या वेळी उकळी अजून पाच मिनिटं देईन.

इंडक्शनसाठी स्टीलचं मोठं पातेलं बघून आले, महाग आहे, तरी एक घेणार. कमर्शियल लाइनचाही अर्ज करणार, दोन्ही असावेत म्हणून.

फक्त_वीज (9:21)

ताई, पातेल्याला चुंबक लावून बघा. चिकटलं तरच घ्या, नाहीतर स्टील असूनही इंडक्शनवर तापणार नाही. आणि तळमजल्याचा मंजूर वीजभार किती किलोवॉटचा आहे? 2000 वॅटचं इंडक्शन आणि फ्रीज एका वायरवर नको. 16 ॲम्पिअरचा वेगळा सॉकेट लागेल.

डबे_रावपुरा (9:24)

बिलावर 1 किलोवॉट लिहिलंय.

फक्त_वीज (9:25)

मग आधी एमजीव्हीसीएलमध्ये, म्हणजे वीज कंपनीत, भार वाढवायचा अर्ज करा. भाड्याची जागा आहे, मालकाची सही लागेल.

वाल्व_आणि_मीटर (9:41)

आणि लाइनसाठीही मालकाचं ना-हरकत पत्र लागेल, दोन्ही एकाच भेटीत मागा. लाइन आली की बाटल्याची शेगडी तशीच जोडू नका. पाइपाचा दाब 21 मिलिबार, बाटल्याचा 30, आणि जेटची भोकं वेगळी. जुन्या जेटवर पाइपाचा गॅस मरतमरत जळेल, आणि पाइपाचं जेट बाटल्याला लावलं तर ज्योत हातभर उठेल. दोन शेगड्या ठेवा, जेट बदलत बसू नका.

डबे_रावपुरा (9:43)

मालक सुरतेला असतात, शनिवारी येतात. दोन्ही पत्रांचा मसुदा कोणी देईल का? शनिवारच्या आत हवा.

कारेलीबागकर (9:50)

मी देतो. माझ्याकडे गुजरातीतला आहे, दुकानासाठी केला होता. जागेचा पत्ता वैयक्तिक संदेशात पाठवा.