ऑटिझम असलेल्या मुलांसाठी पुण्यात समर कॅम्प : काय बघून ठरवता?

कोथरूडकर_बाबा:
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज विचारायलाच आलो. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम (रिपोर्टात मॉडरेट लिहिलंय), बोलतो पण दोन-तीन शब्दांचं, तेही बहुतेक हवं-नको एवढंच. शाळा रेग्युलर, सोबत शॅडो टीचर (वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी). आता एप्रिलमध्ये शाळा बंद होणार ती थेट जूनपर्यंत आणि शॅडो टीचर गावाला जाणार. मागच्या सुट्टीत पोराची झोप पार उलटीपालटी झाली, रात्री दोन वाजता लाइट लाव बंद कर लाव बंद कर, आणि शाळा उघडल्यावर बघतो तर डबा स्वतः उघडून खाणं जे वर्षभर घासून घासून बसवलं होतं तेच गेलेलं. म्हणून यंदा नुसतं घरी ठेवायचं नाही असं बायकोचं आणि माझं ठरलंय.

व्हॉट्सॅपवर रोज एक पोस्टर येतंय. योगा, झुंबा, अबॅकस, मातीकाम, बिनगॅसचा स्वयंपाक, वैदिक गणित, सगळं दोन तासांत, आणि खाली "१५ दिवसांत फरक बघा". एका ठिकाणी फोन केला तर पहिला प्रश्न फी कॅश का ऑनलाइन, मुलाबद्दल एक शब्द विचारला नाही. सोसायटीत नेहमीचा कॅम्प घेतात त्या बाई म्हणाल्या पाठवा हो, आम्ही सगळ्यांना सामावून घेतो, आणि लगेच पुढे, "पण हायपर नाहीये ना?" आता काय सांगणार.

तर नेहमीच्या मुलांच्या कॅम्पला टाकावं का स्पेशल मुलांच्या? आणि चांगला कॅम्प ओळखायचा कसा? अजून एक, बहिणीचा मुलगा २० चा आहे, तोही स्पेक्ट्रमवर, म्हणजे ऑटिस्टिकच, सिंहगड रोडला राहतात. त्याच्यासाठी काही म्हणजे काहीच दिसत नाही, सगळी पोस्टरं ५ ते १४ वयाची. अठरा झाली की ही मुलं जातात कुठे?

कर्वेनगरची_आई:
दादा, आमची लेक आता १७ ची, त्यामुळे या पोस्टरांचा दांडगा अनुभव आहे :) स्पेशल का नेहमीचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी जागा बघून या, मुलाला न घेता, आणि कॅम्प चालू असताना जा. रिकामा हॉल सगळेच छान दाखवतात. पत्र्याची शेड आहे का, पंख्यांचा आवाज किती, स्पीकर लावतात का, संडास कुठे आहे आणि तिथे मुलाबरोबर कोण जातं. किती मुलांमागे किती माणसं हे विचाराच पण "माणसं" म्हणजे कोण तेही विचारा, कॉलेजच्या मुली हौसेने येतात, चांगल्या असतात, पण चौथ्या दिवशी परीक्षा म्हणून गायब होतात आणि आपल्या पोराला रोज नवा चेहरा. आणि मुख्य प्रश्न, "तो नाही म्हणाला तर तुम्ही काय करता?" यावर समोरची बाई थांबून विचार करून बोलली तर नंबर घ्या. "आमच्याकडे कोणी नाही म्हणतच नाही" असं आलं तर रिक्षा पकडा.

आम्हाला एक जागा चांगली मिळाली होती (नाव इथे नको, व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप करते). सजावट शून्य. भिंतीवर प्रत्येक मुलाची वेगळी वेल्क्रोची पट्टी, त्यावर दिवसाची चित्रं ओळीने लावलेली, एक काम संपलं की मुलाने ते चित्र स्वतः काढून खालच्या डब्यात टाकायचं. आमची ते चित्र टाकताना त्याचा टप असा आवाज ऐकायची आणि मगच पुढे सरकायची. त्यात एक लाल कार्ड होतं "बदल" म्हणून. ते मुद्दाम पहिल्या आठवड्यात छोट्या छोट्या गोष्टींना लावायचे, म्हणजे आज ताकाऐवजी सरबत, असं. मग एका गुरुवारी लाइट गेली (गुरुवार आणि पुणे, सांगायला नको), गाणी होणार नव्हती, तर ताईंनी गाण्याच्या चित्रावर लाल कार्ड लावलं आणि शेजारी मण्यांचं चित्र. ती कुरकुरली पण बसली मणी ओवायला. घरी आम्ही यासाठी डोकं आपटत होतो हो. ते कार्ड अजून आमच्या फ्रिजवर आहे.

वेळ सकाळचीच घ्या, बारापर्यंत घरी. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीच्या आसपास पारा, त्यात व्हॅन, त्यात ट्रॅफिक, कॅम्पमध्ये कमावलेलं सगळं वाटेतच सांडतं.

सदाशिव_पेठी:
कदाचित पटणार नाही पण विचारतो. सुट्टी म्हणजे सुट्टी ना? आम्ही मामाच्या गावाला जाऊन आंबे खात नुसते उंडारायचो. या मुलांना वर्षभर थेरपी, आता सुट्टीतही कॅम्प. जरा मोकळं सोडा की पोरांना.

कर्वेनगरची_आई:
@सदाशिव_पेठी, उंडारायला बरोबर पोरं लागतात. आमच्या लेकीला मामाच्या गावाला कोणी खेळायला घेतलं असतं तर मीही आंबेच खाल्ले असते.

फळा_खडू:
मी स्पेशल एज्युकेटर आहे, बरीच वर्षं या मुलांबरोबर. पेठी काकांचं थोडं बरोबर आहे, कॅम्प म्हणजे थेरपीचा ओव्हरटाइम नको. पण ऑटिझममध्ये रिकामा वेळ आराम देतोच असं नाही. पुढे काय होणार हे कळत नसेल तर मोकळा दिवस जास्त त्रासाचा होतो, मग झोप बिघडते, स्टिमिंग (तेच तेच हातवारे, झुलणं) वाढतं, पालकांना वाटतं हट्टी झाला.

कोथरूडकर, "१५ दिवसांत फरक बघा" लिहिणाऱ्यांकडे जाऊ नका. ऑटिझम आजार नाही जो कॅम्पमध्ये उतरेल, मेंदूची जडणघडणच वेगळी आहे आणि ती जन्मभर राहते. काही पोस्टरांत खाली बारीक अक्षरात स्टेम सेलचं फ्री कन्सल्टेशनही असतं, तर २०२२ मध्येच नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही असं सांगितलंय. शिकवणाऱ्याचं रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का हे निःसंकोच विचारा, सीआरआर नंबर म्हणतात, खरा माणूस लगेच सांगतो. मदतनीसांकडे नसेल, पण चालवणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी हवाच.

तुमच्या मुलासाठी मी असं म्हणेन की नवीन काही शिकवायला जाऊच नका, डबा उघडून खाणं हे गेलं ना, तेवढंच कॅम्पला सांगा. एकच गोष्ट. घरचाच डबा, तेच झाकण, रोज त्याच वेळी. जून उजाडेपर्यंत ते टिकलं तर पैसे वसूल. त्याचं एक पानभर लिहून द्या, काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरण्याआधी काय करतो (कान झाकतो, कॉलर चावतो, काय असेल ते), आणि तेव्हा आपण काय करायचं. "प्रेमाने घ्या" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. तो चित्रांची कार्डं वापरत असेल तर ती रोज दप्तरात हवीतच. आयआयटी मुंबईने केलेलं जेलो नावाचं फुकट अॅप आहे, मराठीत आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. तेही कॅम्पवाल्यांना वापरू द्या. "घरी बोलतो ना मग इथे कशाला" असं म्हणणारे भेटतात, ऐकू नका. नवीन जागेत आहे तेवढं बोलणंही आटतं.

आता दोन गोष्टी घाबरवायला नाही पण सांगणं भाग आहे. फिट्सचा त्रास असेल तर गोळीची वेळ आणि फिट आली तर काय करायचं ते लेखी द्या. रिस्पेरिडोनसारखं (चिडचिड, आक्रमकपणा कमी करायला देतात ते) औषध चालू असेल तर उन्हात शरीराला आपलं तापमान सांभाळणं जड जातं, मैदानी कार्यक्रम असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि गेट. यातली बरीच मुलं न सांगता निघून जातात आणि अनेकदा पाण्याकडे जातात, बुडण्याचा धोका खरंच मोठा असतो. सिंहगड रोड, पर्वती भागात कालवा आहे. तिकडचा कॅम्प असेल तर आधी गेटला कडी कुठल्या उंचीवर आहे ते बघा, मग मातीकाम का झुंबा ते बघा. पोहणं शिकवणारा धीराचा माणूस मिळाला तर बाकी सगळे कॅम्प सोडून तेच करा असं माझं मत.

टेकडीवाला:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, २४, कर्वे रोड. सगळे पालकच बोलतायत म्हणून लिहितो. लहानपणी मला कॅम्पला घालायचे. तिथलं काही वाईट नव्हतं फक्त शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी पालकांसाठी कार्यक्रम असतो. त्यासाठी मधले बरेच दिवस एकच नाच, एकच गाणं, मोठा स्पीकर, चमकीचे कपडे जे मानेला टोचतात, आणि शेवटी सगळे एकदम टाळ्या वाजवतात. मला टाळ्यांचा आवाज अंगावर पडल्यासारखा वाटतो, अजूनही. आईला व्हिडिओ मिळाला, मला दोन दिवस ताप. तर कॅम्पवाल्यांना विचारा शेवटच्या दिवशी काय असतं. गॅदरिंग असेल तर समजा सगळा कॅम्प गॅदरिंगचीच तालीम आहे.

२० वर्षांच्या दादाबद्दल. त्याला विचारलंत का त्याला काय आवडतं? मला बसचे नंबर आवडायचे, कोणी ते कॅम्पमध्ये चालवून घेतलं नाही, घरी बाबांनी घेतलं. आता मी मेट्रोने एकटा फिरतो. मेट्रो बसपेक्षा सोपी आहे कारण प्रत्येक स्टेशन आधी बोलून सांगतात, दार त्याच जागी येतं, कोणी ढकलत नाही (संध्याकाळी सोडून). वनाज-रामवाडी लाइनवर आधी दोन स्टेशनं, मग चार, मग जिल्हा न्यायालयला उतरून स्वारगेटची लाइन पकडायची. तिथे खूप जिने आहेत आणि आवाज घुमतो म्हणून ते सगळ्यात शेवटी. कानाला हेडफोन. हाच कॅम्प. आणि त्याला लहान मुलांच्या कॅम्पमध्ये "मोठा दादा" म्हणून बसवू नका प्लीज, मला बसवलं होतं.

सध्या_न्यूजर्सी:
टेकडीवाला, गॅदरिंगबद्दल +१००. इकडची माहिती द्यायची म्हणून, अमेरिकेत आयडीईए या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली सुट्टीत मुलाचं शिकलेलं खूप मागे जाणार असं शाळेच्या टीमने ठरवलं तर उन्हाळ्यातही शाळेनेच सेवा द्यायची, फुकट, त्याला एक्स्टेंडेड स्कूल इयर म्हणतात. भांडून मिळवावं लागतं ते वेगळं. बहीण पुण्यात आहे, तिचा हाच प्रश्न आहे म्हणून धागा वाचतेय.

हडपसरचे_अप्पा:
अठरानंतर कुठे जातात विचारलंत, तर घरी बसतात, टीव्हीपुढे. स्पष्ट सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा आहे, तिथे रेघ ओढली की शाळाही हात वर करते. माझा मुलगा २६ चा, जेमतेम बोलतो. आम्ही पाच-सहा घरांनी कॅम्प शोधणं सोडलं आणि मे महिन्यात आपापल्या ओळखीत सकाळची दोन-दोन तासांची कामं शोधली. एक झेरॉक्सचं दुकान, एक पोळीभाजी केंद्र, एक मांजरी रोडची नर्सरी. एका वेळी एकच मुलगा, सोबत कुणाचा तरी बाप किंवा आई, पण लांब उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही. हे आमच्या मंडळींना सगळ्यात अवघड गेलं.

माझा नर्सरीत. रोपांच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची. आधी पिशवी फुटेस्तोवर भरायचा, "पुरे" म्हटलेलं त्याला कळायचं नाही, पुरे म्हणजे किती? नर्सरीवाल्या मामांनी स्वतःच पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून दिली प्रत्येक पिशवीला. त्यानंतर एक पिशवी चुकली नाही. उलट बाकीचे गडी कमी भरतात म्हणून हा त्यांच्या पिशव्या उचलून त्यांच्यासमोर ठेवायला लागला, मामा हसून लोटपोट. मामांनी पैसे विचारले तेव्हा मी नको म्हणालो नाही. थोडे का होईना, द्या, आणि त्याच्या हातात द्या. आता वर्षभर जातो.

तुमच्या बहिणीला सांगा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून घ्या. आणि १८ पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत कायद्याने. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा असतो, ऑटिझम त्यात बसतो. गरज आहे का ते मुलाकडे बघून ठरवा, सगळ्यांना लागतंच असं नाही. निरामय म्हणून त्यांचाच आरोग्य विमा आहे १ लाखापर्यंतचा, ओपीडी थेरपीलाही त्यात काही रक्कम मिळते. मे महिन्यात ही कागदपत्रं उरकली तरी पुष्कळ झालं.

कोथरूडकर_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. सोसायटीच्या बाईंना आज फोन करून शेवटच्या दिवशी काय असतं विचारलं. "भव्य स्नेहसंमेलन, डीजे आहे." झालं. कर्वेनगर ताई, व्यनि केलाय, जागेचं नाव द्या, मी सोमवारी चालू वर्गात जाऊन बघून येतो. एक पान लिहायला बसलोय, "बिथरण्याआधी काय करतो" यावर बायकोचं आणि माझं एकमत होईना, ती म्हणते गुणगुणणं थांबवतो, मी म्हणतो गुणगुणणं वाढतं. दोन दिवस दोघं वेगवेगळं लिहून ठेवणार आणि मग ताडून बघणार.

टेकडीवाला, भाच्याला विचारलं काय आवडतं. त्याने मोबाइलवर टाइप करून पाठवलं, "साप. कात्रज." तर बुधवारी सकाळी त्याला घेऊन राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जातोय, स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे बस, तिकीट तोच काढणार.

टेकडीवाला:
बुधवारी कात्रज बंद असतं. त्याला बुधवार सांगितला असेल तर आजच सांगा, आणि गुरुवारचं तिकीट असं लिहून द्या, तोंडी नको.

कर्वेनगरची_आई:
आणि लाल कार्ड लावा :)