जिमखाना: आठच्या आकड्यात गाडी आधी ताठ होतेय, नाहीतर आत पडतेय

निपाणी_१६०

मंडळी नमस्कार. मोटारसायकलचा जिमखाना, म्हणजे खुणेच्या शंकूंभोवती (कोन) घड्याळ लावून गाडी वळवायचा खेळ, शिकतोय. दोन कोनांभोवती 8 काढायच्या आठच्या आकड्यात एका जागी अडकलोय, जाणकारांनी जरा बघा.

गाडी १६० सीसी, एफआय (फ्युएल इंजेक्शन), बीएस-६. एबीएस (ब्रेकने चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला, मागे साधा डिस्क. टायर कंपनीचेच. जागा खाजगी आवारातली, सिमेंट काँक्रीट, मालकाची परवानगी आहे. दोन कोन ८ मीटरवर, मधल्या भागात स्पीड साधारण ३०.

तक्रार १: कोनाजवळ पुढचा ब्रेक मारून लीव्हर सोडला की गाडी ताठ होते आणि मीटरभर बाहेरून जाते.
तक्रार २: तसं होऊ नये म्हणून ब्रेक धरूनच आत नेली, तर हँडल लॉकला (पूर्ण वळून अडतं तिथे) टेकायच्या आत ती एकदम आत पडते आणि पाय टेकावा लागतो. उजवीकडे हे जास्त होतं.

आधी ब्रेकिंगला हात घालू की वळणाला? आणि लॉक वळणात क्लच धरायचा की नाही? दोघे दोन सांगतात.

झाडशहापूर_कोन

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुझं ब्रेक मारणं बरं असेल, सोडणं चुकतंय.

पुढचा ब्रेक धरला की शॉकअप दबतो. शॉकअप दबला की पुढचा काटा उभट होतो, दोन चाकांमधलं अंतर कमी होतं आणि गाडी चटकन वळायला तयार होते. नेमकं त्याच वेळी तू लीव्हर टाकून देतोस. दबलेला शॉकअप फटकन वर येतो, नाक उचलतं आणि वळायची सगळी तयारी मोडते. ही झाली पहिली तक्रार.

दुसरीत तू लीव्हर आहे तेवढाच धरून ठेवतोस. इथे आकडे बघ. ३ मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ३५ अंश कललेली ठेवायला साधारण १६ चं स्पीड लागतं. १२ वर आलास तर ती २० अंशांवरच तोलते. म्हणजे ३५ ला कलवलेल्या गाडीचं स्पीड तू ब्रेकने १२ वर आणलंस, तर तिला पेलून धरणारं काही उरतच नाही. टायर सटकत नाही, गाडी नुसती पडते. आणि एबीएस सांभाळेल या भरवशावर राहू नकोस, चालण्याच्या वेगाला ते काम सोडतं. लॉकला टेकलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक नुसता हिसकला तरी चाक दुमडतं.

आता सराव. पहिले दोन दिवस वळूच नकोस. २ मीटर रुंदीचं दार कोनांनी कर, ३० ने ये, दारात १५-१६ वर यायचं, थांबायचं नाही. लीव्हर दोन बोटांनी, तर्जनी आणि मधलं. आधी लीव्हरचा लूज संपेपर्यंत हलकं, पॅड डिस्कला टेकल्याचं बोटाला कळलं की मग पिळायचं. हा पहिला हलका टप्पा गाळलास तर शॉकअप दाणकन खाली जातो आणि एबीएस उगाच जागं होतं. अंतराचा अंदाज हवा असेल तर: ३० वरून १६ वर यायला जोरकस ब्रेकला सव्वाचार मीटर पुरतात, बेताच्या ब्रेकला सव्वासहा-साडेसहा. सुरुवात साडेसहाने कर.

तिसऱ्या दिवशी फक्त सोडणं. दारातून निघताना लीव्हर तीन आकड्यांत सोड: 'एक'ला अर्धा, 'दोन'ला बोटं नुसती टेकलेली, 'तीन'ला मोकळा. गाडी जितकी कलते तितका लीव्हर सुटत जायला हवा. मित्राला मोबाइल कोनाच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये फक्त शॉकअप टिपायला सांग. नळी सावकाश वर येताना दिसली तर जमलं. उडी मारून वर आली तर अजून तू लीव्हर टाकतोयस. डोक्याला वाटतं हळू सोडला, व्हिडिओ वेगळंच सांगतो.

मग एकच कोन घे आणि १८० अंशांचं वळण. डावीकडून सुरू कर. उजवीकडे जास्त पडतोस याचं कारण सोपं आहे: उजव्या वळणात हँडल लॉकला गेलं की उजवा हात पोटाशी येतो, मनगट दुमडतं, आणि त्याच हाताकडे पुढचा ब्रेकही आहे आणि रेसही (ॲक्सिलरेटर). कोपर बाहेर आणि थोडं वर ठेवलंस तर मनगटाला जागा मिळते. सीटवर टाकीजवळ सरक. मागे बसून हात ताणला की बाहेरचा हात पुरत नाही आणि हँडल पूर्ण लॉकला जातच नाही.

उद्यमबाग_लेथ

झाडशहापूर यांनी लिहिलेलं बरोबरच आहे, पण त्याआधी गाडी तपास. गाडीत दोष असला की माणूस महिनाभर स्वतःला दोष देत बसतो.

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे ने. कुठेही आरपीएम चढला तर रेसची केबल ताणली जातेय, मार्ग बदल. ब्रेकचा पाइप आणि मोबाइल होल्डर लॉकला अडत नाही ना, तेही बघ. रेसच्या मुठीला २-३ मिमी लूज पुरे. जास्त असला की बंद रेसवरून उघडताना आधी काही होत नाही आणि मग धक्का बसतो. लॉक वळणात तो धक्का थेट पाय टेकवतो.

चेन सैल असेल तर हाच धक्का दुप्पट. मॅन्युअलमध्ये दिलेला लूज ठेव, आणि चेन एका जागी ताठ नि दुसरीकडे सैल असेल तर ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, सेट बदल.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग): पुढचं चाक उचलून हँडल बोटाने ढकल. मधोमध खटकन बसत असेल तर बॉल-रेस (बेअरिंगच्या गोळ्यांची कडी) खड्डे पडून गेलीय. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे लवकर होतं. अशा गाडीला सरळ धावायची सवय लागते आणि छोट्या वळणात ती टप्प्याटप्प्याने वळते.

लेग गार्ड कुठला आहे? दुकानात मिळणारा रुंद पाइपचा गार्ड ३५-४० अंशांवर जमिनीला टेकतो. टेकला की चाकावरचं वजन गार्डवर जातं, चाक उचललं जातं आणि गाडी सटकते. लोकांना वाटतं टायर गेला. जिमखान्याला इंजिनलगत बसणारा आखूड गार्ड लागतो. माप नेलंस तर लेथवाला नायलॉनचा गोळा वळून देतो, झिजला की बदलायचा. साडी गार्ड काढूनच टाक.

बीएस-६ गाडीचं आयडल (रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालतं ते) ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, जुन्या कार्बोरेटरसारखा स्क्रू पिळून ते वाढवता येत नाही. त्यामुळे कमी स्पीडला इंजिन बंद पडू नये यासाठी तुझा स्वस्तातला उपाय गिअरिंग. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दातांचं असेल तर १३ केल्यावर जवळपास पावणेआठ टक्के फरक पडतो. तेवढंच मागून साधायला ४४ चं ४७ किंवा ४८ करावं लागेल आणि चेनची लांबी पुरते का तेही बघावं लागेल. मागचं बदलणं महाग, पण चेनला सोसतं. पुढचं बारीक केलं की चेन जास्त वाकते, लवकर झिजते. आधी पुढचं बदलून बघ, फरक आवडला तर मागचं कर.

टिळकवाडी_८

गिअरिंगच्या आधी रेषा बघा राव. बाहेर जाण्याची किंमत किती आहे ते मांडतो. गाडी ३५ अंशांवर कललेली धरली तर ३ मीटरच्या त्रिज्येत अर्ध्या वर्तुळाला २.१ सेकंद लागतात, ४ मीटरला २.४. मोठ्या वर्तुळात स्पीड १९ असतं, लहानात १६, तरी लहान वर्तुळ जिंकतं. म्हणजे दर वळणाला ०.३ सेकंद नुसते मीटरभर बाहेर गेल्याने जातात. कोनाला धक्का लागला किंवा पाय टेकला की १ सेकंदाचा दंड, हा जपानी नियम तर माहीतच आहे. एक पाय टेकणं म्हणजे तीन वळणांची कमाई गेली.

निपाणीकरांची चूक बहुतेक अशी असणार: कोनाला अगदी चिकटून आत शिरतात. मग बाहेर फेकलं जाणं ठरलेलंच. आत शिरताना कोनापासून दीड मीटर लांब राहा. गाडी कोनाच्या सर्वात जवळ यायची ती कोनाच्या बाजूला असताना नाही, कोन मागे पडायला लागला की. खडूने त्या जागेवर फुली काढा, पुढचं चाक फुलीवरून न्या.

नजर: ब्रेक सोडायला सुरुवात झाली की हनुवटी खांद्यावर, डोळे पुढच्या कोनावर. ज्या कोनाला वळतोय त्याच्याकडे बघत राहिलं की तो पायाखाली येतोच.

क्लचबद्दल झाडशहापूर काय म्हणतात?

झाडशहापूर_कोन

नवशिक्याने पूर्ण वळण हाफ क्लचवर काढू नये असं माझं मत. ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच थोडं सोसतो, पण वीसेक मिनिटं सलग घासला की तापतो, लीव्हरचा लूज बदलतो आणि पकडायची जागा सरकते. सरकणाऱ्या जागेवर सराव काय होणार?

पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस नखभर उघडी आणि मागच्या ब्रेकचा हलका भार. चेन सतत ताणलेली राहते, बंद-उघडचा धक्का जातो आणि स्पीड मागच्या ब्रेकने कमी-जास्त करता येतं. अगदी लॉकला, इंजिन गचके द्यायला लागलं, तरच क्लच क्षणभर निम्मा. हात सराईत झाल्यावर क्लचने वेळ काढता येतो, ते नाकारत नाही.

उद्यमबाग_लेथ

इथे मी थोडा वेगळा आहे. १६० ची गाडी मूळ गिअरिंगवर ३ मीटरच्या वर्तुळात बंद पडायच्या बेतात येते. क्लचला हात लावू नको म्हटलं की हा घाबरून रेस जास्त उघडणार. स्प्रॉकेट बदलेपर्यंत हाफ क्लच चालू दे, दर दहा मिनिटांनी गाडी थंड कर. ऑइल मात्र गाडीला सांगितलेलं मोटारसायकलचंच, कारचं घालून क्लच घसरवू नका.

खानापूर_स्कूटर

मधेच विचारतो. ११० च्या स्कूटरवर हेच करायचं असेल तर? सीबीएस आहे.

झाडशहापूर_कोन

सीबीएसमध्ये मागचा ब्रेक ओढला की पुढचाही थोडा लागतो. वर मी मागच्या ब्रेकचा भार ठेवा म्हटलं, ते तुला जसंच्या तसं लागू नाही. लॉकला गेलेल्या हँडलवर डावा लीव्हर जोरात ओढलास तर पुढचं चाक दुमडेल. आधी सरळ रेषेत बघ, लीव्हर किती ओढल्यावर पुढचा शॉकअप दबायला लागतो. ती जागा बोटाला पाठ कर आणि वळणात त्याच्या अलीकडेच राहा. स्कूटरला दुसरी अडचण अशी, की रेस सोडली की बेल्टचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी होते. म्हणून रेस पूर्ण बंद करायचीच नाही. गुडघ्याने पकडायला टाकीही नाही, त्यामुळे तळवे फ्लोअरबोर्डवर दाबून बसायचं.

निपाणी_१६०

फार उपयोगी पडलं. केबल तपासली, उजव्या लॉकला आरपीएम खरंच चढतोय. आणखी एक: मागच्या ब्रेकचा हलका भार माझ्या बुटाला जमतच नाही. एकतर लागत नाही, नाहीतर चाक लॉक होऊन घसरतं. कोनाऐवजी बेळगावच्या कुंद्याच्या डब्यांची झाकणं ठेवलीत, चालतील ना?

उद्यमबाग_लेथ

केबल आजच दुरुस्त कर, तोवर उजवीकडे वळूलालैस ते बंद ठेव.

पेडल पायाच्या मानाने उंच असणार. पाय फूटरेस्टवर ठेवल्यावर पेडलचं टोक बुटाच्या तळाच्या किंचित खाली हवं. उंच असलं की घोटा वर उचलून दाबावा लागतो आणि मग सगळा पायच पडतो. पेडलचा स्टॉपर आणि मास्टर सिलिंडरचा रॉड दोन्ही मिळून बसवायचे. एकटा रॉड लांब केलास तर ब्रेक चिकटून राहील, डिस्क तापेल. बसवून झाल्यावर चाक हाताने फिरवून बघ. जाड तळाचे सेफ्टी शूज असतील तर पातळ तळाचे, घोट्यावर येणारे घे.

झाकणं अजिबात नकोत. प्लास्टिक टायरखाली आलं की काँक्रीटवर साबणासारखं पळतं. टेनिस बॉल अर्धा कापून पालथा घाल, नाहीतर अर्धा लिटरच्या बाटलीत पाणी भरून उभी ठेव. वीट, दगड तर नकोच.

टिळकवाडी_८

आणि जागा झाडल्याशिवाय गाडी चालू करू नका. आपल्या लाल मातीची धूळ काँक्रीटवर दिसत नाही, पण हात फिरवला की तळव्याला लागते. आधी खराटा, मग मऊ झाडू, आणि झाडायचं ते वर्तुळाच्या बाहेर ३ मीटरपर्यंत, कारण घसरलेली गाडी तिकडेच जाते. पाणी मारून लगेच सराव करू नका, धुळीचा चिखल होतो. पावसाळ्यात शेड नसलेल्या काँक्रीटवर शेवाळ धरतं. हिरवट डाग दिसला की तिथे कोन ठेवायचाच नाही. ऊस-हंगामात आवारात ट्रॅक्टर उभे राहत असतील तर डिझेलचे थेंब शोधा, त्यावर लाकडी भुसा टाकून घासून काढा.

टायरची हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा २ पीएसआयहून जास्त कमी करू नका, तीही थंड टायरवर मोजून. पुढची फार कमी केली की हँडल जड होतं आणि परत चूक ब्रेकवर ढकलली जाते.

निपाणी_१६०

पेडल खाली घेतलं, आता अंगठ्याच्या बुडाने दाबता येतंय. शॉकअपचा व्हिडिओ काढला: डावीकडे सावकाश वर येतोय, उजवीकडे 'दोन' म्हणायच्या आतच उडी मारतो.

झाडशहापूर_कोन

मग उजवीकडे ३० ऐवजी २२ ने ये आणि आकडे मोठ्याने म्हण. कोपर बाहेर आहे का ते दिसेल असा एक व्हिडिओ मागूनही काढ आणि इथे टाक.