एका जातीसाठी नवा वंश

डोळे नसलेला, लांबलचक पायांचा भुंगेरा गुहेत सापडला की लगेच नवा वंश (जवळच्या जातींचा गट) जाहीर होतो, असा आक्षेप घेतला जातो, त्याबद्दल थोडे.

चीनमधील ग्वांगशी स्वायत्त विभागाच्या दुआन या चुनखडी प्रदेशातून 2017 साली 'झूकीज' या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात शुएडायटीस बेलस या गुहेतल्या भुंगेऱ्याच्या जातीचे वर्णन झाले, आणि तिच्यासाठी शुएडायटीस हा वंशही त्याच लेखात मांडला गेला. जेमतेम 9 मिलिमीटर लांबीच्या या कीटकाचे डोके आणि वक्षाचा पुढचा भाग विलक्षण निमुळते, लांबट आहेत, आणि तो खरोखर देखणा आहे. परंतु निव्वळ या रूपावर वंश उभा राहू शकत नाही, कारण अंधार, अपुरे अन्न आणि ओलावा यांमुळे परस्परांशी दूरचे नाते असलेल्या भुंगेऱ्यांमध्येही डोळे नाहीसे होणे, रंग फिका पडणे आणि पाय लांबणे हे बदल स्वतंत्रपणे, वारंवार घडले आहेत.

म्हणूनच अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरचे, वक्षावरचे आणि पंखकवचांवरचे ठरावीक स्पर्शरोम कोणत्या जागी आहेत हे पाहतात, मुखाखालच्या पट्ट्या जुळलेल्या आहेत की सुट्या हे तपासतात, नराच्या पुढच्या पायांचे कोणते पेर रुंदावले आहे याची नोंद घेतात आणि नराच्या जननांगाचे विच्छेदन करून त्याची आकृती काढतात. माझ्या मते या शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत बोलक्या असतात, त्यामुळे केवळ मादीच हाती असेल तर वंश जाहीर करण्याआधी थांबणेच योग्य.