दारू सुटली, आता सिगरेट लगेच सोडू का थांबू?

रात्रपाळी (नाशिक):
सातपूरला एका कारखान्यात मशीनवर आहे. दिवाळीच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलो, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग चुकवत नाही. पण सिगरेट बेसुमार वाढलीय. आधी पाकीट दोन दिवस पुरायचं, आता एका पाळीत उडतं. मीटिंग सुटली की सगळे टपरीवर, कटिंग आणि सिगरेट. खरं बोलणं तिथंच होतं म्हणा ना.

परवा तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागली. डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, कागद बघितला आणि म्हणाले, हे बंद करा. बायको म्हणते, "दारू सुटली तेच खूप झालं, आता नवीन काही काढू नका." माझे स्पॉन्सर काका, म्हणजे गटात मला आधार देणारे, म्हणतात, पहिलं वर्ष सिगरेटचा विषयच नको, एका वेळी एकच लढाई. मला भीती एकच. सिगरेट सोडली, डोकं फिरलं, आणि पाय आपोआप वाईन शॉपकडे वळले तर? कोणाचं ऐकू?

जुना_मेंबर:
काकांचं ऐक. सिगरेटपायी कोणाचा संसार रस्त्यावर आलेला मी बघितला नाही, दारूपायी डझनावारी बघितले. एएचे एक संस्थापक बिल डब्ल्यू.सुद्धा ओढायचे. आधी वर्ष काढ, मग बघू.

पुणेरी_पोरगा:
भाऊ व्हेप, म्हणजे ई-सिगरेट घ्या, सुटते त्याने.

मेडिकलवाला (कराड):
व्हेपचं आधी मिटवतो. 2019 पासून ई-सिगरेटची विक्री देशात बंद आहे. चोरून काय मिळतं, त्यात काय घातलेलं असतं, देव जाणे. नको.

जुने मेंबर, राग मानू नका. बिल डब्ल्यू.नी 1934 च्या डिसेंबरनंतर दारू घेतली नाही, हे आपण मीटिंगमध्ये सांगतो. 1971 मध्ये ते गेले तेव्हा त्यांना एम्फिसिमा होता, फुफ्फुसं निकामी होत आलेली, हे मात्र कोणी सांगत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दारूवर उपचार घेतलेल्या लोकांची पुढची नोंद ठेवली होती, ती 1996 मध्ये छापून आली. त्यातल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे तंबाखू होती, दारू नंतर. आपली माणसं दारूतून वाचतात आणि यात जातात.

आता रात्रपाळी भाऊंचा प्रश्न. तुमची भीती खोटी नाही. आमच्या इथल्या मानसोपचार डॉक्टरांनी मला दोन्ही बाजू दाखवल्या. 2004 साली अमेरिकेतच एक अभ्यास झाला. दारूच्या उपचारासोबतच सिगरेटचे उपचार सुरू केलेल्यांपेक्षा, ते सहा महिन्यांनी सुरू केलेल्यांचं दारूपासून लांब राहणं जास्त टिकलं. त्याच वर्षी दुसऱ्या लोकांनी 19 चाचण्या एकत्र करून बघितल्या, तिथं उलटं निघालं. व्यसनमुक्तीच्या उपचारात सिगरेटसाठीही मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून लांब राहण्याची शक्यता 25 टक्क्यांनी जास्त. माझं मत विचाराल तर काकांचा सल्ला केंद्रातल्या पहिल्या आठवड्यांपुरता ठीक आहे. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय, आणि फुंकणीचा कागद हातात आहे. वर्षभर कशाची वाट बघायची? फक्त जिद्दीवर सोडू नका, औषध घेऊन सोडा.

त्यातही एक सांभाळा. बुप्रोपियॉन नावाची गोळी सिगरेटसाठी देतात. दारू अचानक तोडलेल्या माणसाला तिने फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य "मी दारू सोडलीय, अमुक महिन्यात" हेच. लाजू नका. झोपेच्या, मनाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा, धूर बंद झाला की काहींचं प्रमाण रक्तात वाढतं.

निकोटिनची गोळी, म्हणजे गम, माझ्याकडून रोज जाते आणि दहातले आठ जण ती चुकीची खातात. बबलगमसारखी कचाकचा चावतात, रस गिळतात, उचकी लागते, छातीत जळजळतं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं पाकीट परत घेऊन दुकानात. अहो, ती चावायची हळू. जिभेला मिरीसारखी चुरचुर आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायची. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार चावे, मग दुसऱ्या गालात. अर्धा तास पुरते. तोंडात गम असताना चहा नाही, आधीचा पाव तासही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. 2 मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्याउठल्या अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर 4 ची लागते, तिला चिठ्ठी लागते.

आणि चहा निम्मा करा. सिगरेटच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन भराभर काढून टाकतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा दुप्पट चढतो. हात थरथरतात, झोप उडते, आणि आपल्याला वाटतं दारूची तलफ आली.

टपरीचं काय? महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला 2020 पासून बंदी आहे. तुमच्या टपरीवाल्याला हे सांगून बघा, हसेल. थोडे दिवस काकांना सांगा, मीटिंगनंतर हॉलच्या पायरीवरच बसू.

एक_सहचरी:
वहिनींची बाजू सांगते. आमच्याकडे हे चिडले की मी घाबरायचे, कारण पूर्वी चिडचिड म्हणजे संध्याकाळी बाटली, हे ठरलेलं होतं. सिगरेट सोडताना ते तसेच चिडले आणि मी चपलांच्या कपाटात, टाकीमागे शोधायला लागले. तुम्ही तारीख ठरवली की त्यांना आधी सांगा. आणि रोज उघड बोला, "आजचं डोकं सिगरेटचं आहे, दारूचं नाही." यांनी तसं बोलायला लागल्यावर मी शोधाशोध थांबवली. मुलांनाही सांगा, तीही बघत असतात.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. काकांशी बोललो, आधी फुगले, मग म्हणाले पायरीवर बसू, पण मी ओढणार. म्हटलं चालेल, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसा. सोमवारपासून दिवसपाळी लागतेय, तेव्हाच सुरू करतो. दोन शंका. मशीनवर हाताला कूलंट असतं, गम कशी हाताळू? एक जण म्हणतो त्यापेक्षा तंबाखू मळ. आणि माझी दारूवरची डायसल्फिराम चालू आहे.

मेडिकलवाला (कराड):
तंबाखू अजिबात नाही, ते म्हणजे याच व्यसनाचं खातं दुसऱ्या बँकेत. गम पाळीच्या आधी आणि सुट्टीत, साबणाने हात धुऊन. डायसल्फिरामचं पाकीट सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. अजून एक, सिगरेट सुटल्यावर काही जणांना थोडे दिवस खोकला वाढतो. कफ जातोय, घाबरायचं नाही. पण दुकानात जाऊन "खोकल्याचं औषध द्या" म्हणू नका. काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं, काही माउथवॉशमध्येही, आणि डायसल्फिराम चालू असताना तेवढंसुद्धा भोवतं. लेबल वाचायला लावा. फोनवर कोणाशी बोलायचं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, 1800112356, फुकट.




रात्रपाळी:
लेबल वाचायचं लक्षात ठेवतो. घरातलं माउथवॉश आत्ता बघितलं, आहे त्यात.